कोणाकडे आहे?

गेल्या दिवाळीत सोलापूरचं आमचं जुनं घर रिकामं करायचं ठरलं. जागा बिल्डरला द्यायची होती, कागद झाले होते आणि माळ्यावरचा पसारा काढायची जबाबदारी घरातल्या सगळ्यात धाकट्यावर, म्हणजे माझ्यावर आली होती. तांब्याचा बंब, आजीचं जातं, तीन मोडके पंखे आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत आमचा व्हिडिओ गेम होता. दोन रिमोट, चाप तुटलेली बंदूक, अकरा कॅसेटी आणि त्यांच्याखाली एक दोनशे पानी वही.

वही दादाची. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. पहिल्या पानावर पट्टीने रेघा मारून रकाने पाडले होते: क्रमांक, नाव, रंग, कोणाकडे, कधी दिली, परत. पहिली नोंद मे २००४ ची, शेवटची २००८ मधली. खाली ४३ ओळी. तेव्हा दादा तेरा-चौदा वर्षांचा होता आणि त्याचं अक्षर आजच्यापेक्षा चांगलं होतं.

मी तिथेच माळ्यावर बसून वही वाचायला लागलो. खालून दादाने हाक मारली, "काय शोधायलास बे एवढा वेळ?" मी उत्तर दिलं नाही. कारण सतराव्या ओळीत, 'कोणाकडे'च्या रकान्यात, माझं नाव होतं. आणि 'परत'चा रकाना कोरा होता.

त्या ओळीकडे परत येऊ. त्याआधी मला थोडा इतिहास सांगायचा आहे, कारण ती वही पाहिल्यापासून मी एकाच प्रश्नामागे लागलो आहे. आपल्याकडे कोणकोणते गेम आहेत याची यादी माणूस का ठेवतो, आणि ती कोणी ठेवायची?

६१४ ओळींचा तक्ता

माझीही एक यादी आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे वहीऐवजी डेटाबेस. ती सुरू व्हायचं कारण लाजिरवाणं होतं. सेलमध्ये मी एक गेम साडेतीनशे रुपयांना विकत घेतला आणि दोन दिवसांनी कळलं, की तोच गेम दुसऱ्या स्टोअरवर आपल्याकडे आधीपासून आहे. मग एका शनिवारी बसून छोटा प्रोग्राम लिहिला. स्टीम, एपिक, गॉग आणि प्लेस्टेशन अशा चार ठिकाणांहून माझ्या नावावरचे गेम गोळा करायचे आणि एका तक्त्यात भरायचे. निघाले ६१४. त्यातले ३७१ मी एकदाही उघडलेले नाहीत.

माझ्या तक्त्यात नाव आहे, स्टोअर आहे, किंमत आहे, तारीख आहे, खेळलेले तास आहेत. 'कोणाकडे' हा रकाना नाही. तो असायला हवा हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

गेम मशीनमधून बाहेर आला

'माझ्याकडचे गेम' हे शब्द म्हणता यावेत यासाठी आधी गेम ही मशीनपासून वेगळी वस्तू व्हावी लागते. सुरुवातीला ती तशी नव्हती. घरी टीव्हीला जोडायचं पहिलं गेम मशीन, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, अमेरिकेत १९७२ साली आलं. त्याच्यासोबत कार्डं मिळायची आणि कार्ड बदललं की गेम बदलायचा. पण त्या कार्डांमध्ये गेम नसायचाच. मशीनमधलेच सर्किटचे धागे कार्ड वेगळ्या तऱ्हेने जोडायचं, इतकंच. सगळे गेम मशीनच्या पोटात होते आणि कार्ड म्हणजे फक्त किल्ली.

१९७६ च्या अखेरीस फेअरचाइल्ड कंपनीचं 'चॅनेल एफ' आलं. त्यामागच्या टीमचा प्रमुख होता जेरी लॉसन, त्या काळच्या सिलिकॉन व्हॅलीतल्या मोजक्या कृष्णवर्णीय इंजिनिअरांपैकी एक. यात गेमचा प्रोग्राम एका चिपमध्ये असायचा, चिप प्लॅस्टिकच्या डबीत आणि डबी मशीनच्या खाचेत. डबी पुन्हापुन्हा काढली-घातली तरी आतली चिप जळू नये, मुलांच्या हातात तुटू नये, हा त्या टीमपुढचा खरा प्रश्न होता. तो त्यांनी सोडवला आणि गेम कपाटात ठेवण्याची, मोजण्याची आणि शेजाऱ्याला देण्याची वस्तू झाला. पुढच्या वर्षी अटारीने हीच कल्पना घेऊन जग जिंकलं.

मला आवडलेला तपशील वेगळा आहे. चॅनेल एफच्या त्या कॅसेटी पिवळ्या होत्या आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात क्रमांक छापलेला असायचा. म्हणजे संग्रहाच्या यादीची पहिली ओळ कंपनीनेच लिहून दिली होती. एक क्रमांक तुमच्याकडे आहे, तर दोन नको का?

कचऱ्याला क्रमांक

यादी ठेवली नाही तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत आहे. १९८३ साली तिथला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. अटारीकडे न विकलेल्या आणि परत आलेल्या कॅसेटींचे ढीग साचले. सप्टेंबरमध्ये ट्रक भरून तो माल अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत नेऊन पुरला. काय पुरलं, किती पुरलं, याचा हिशोब लोकांसमोर कधी आला नाही. त्या रिकाम्या जागेत दंतकथा शिरली. अटारीचा पडलेला गेम 'ई.टी.' तिथे लाखोंनी गाडलाय म्हणे. पुढची तीस वर्षं निम्मे लोक हे खरं मानत होते आणि निम्मे थाप.

२६ एप्रिल २०१४ रोजी तो डेपो उकरला. 'ई.टी.' निघाला, पण त्याच्यासोबत इतरही बरेच गेम निघाले. वर काढल्या त्या जेमतेम तेराशे कॅसेटी. बाकीच्या अजून तिथेच आहेत. मग त्या चेपलेल्या, वास मारणाऱ्या डब्यांना क्रमांक मिळाले, प्रमाणपत्रं मिळाली. काही संग्रहालयांत गेल्या, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्येही एक पोचली, आणि उरलेल्यांपैकी कितीतरी लिलावात विकल्या गेल्या. नवीन असताना ज्यांना कोणी घेईना, त्या कॅसेटी यादीत चढल्या आणि मौल्यवान झाल्या.

मोजदाद करणारे हौशीही कमी नाहीत. न्यूयॉर्क राज्यातला मायकेल थॉमसन याच्या १० हजारांवर गेमची गिनीज बुकात नोंद झाली. त्याचा पहिला गेम त्याला नाताळात भेट मिळाला होता, तेव्हा घरात तो चालवायचं मशीनच नव्हतं! २०१४ मध्ये त्याने सगळा संग्रह साडेसात लाख डॉलरना विकला, घरातल्या माणसांसाठी पैशांची गरज होती म्हणून. याआधीही त्याने आपला संग्रह दोनदा विकला होता. पुढे २०१९ मध्ये टेक्सासच्या अँटोनिओ रोमेरो मोंतेरोने २०,१३९ चा आकडा गाठला. तो संग्रह नुसता मोजायलाच कित्येक दिवस लागले.

९९९९ मध्ये किती?

आमच्या सोलापूरच्या घरात यातलं काही पोचलं नव्हतं. पोचली होती ती जपानच्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला. त्याच्या स्वस्त नकला पुढे आशियाभर पसरल्या आणि आपल्याकडे दोन हजारच्या दशकातही त्या खेळण्यांच्या दुकानात, जत्रेत, स्टेशनबाहेर मिळत होत्या. कोणी त्याला फॅमिकॉम म्हणत नव्हतं. मशीनला 'व्हिडिओ गेम' म्हणायचं आणि त्यात घालायची ती 'कॅसेट'. चालली नाही की काढून फुंकर मारायची.

आमची पहिली कॅसेट पिवळी होती आणि तिच्यावर '९९९९ इन १' छापलेलं होतं. काकांनी नवी पेठेतून आणली होती. दहा हजाराला एक कमी! दादाने ठरवलं, मोजायचंच. वहीच्या मागच्या पानांवर ती मोजदाद आहे. उन्हाळ्याची सुट्टी, दिवसाआड लोडशेडिंग आणि हा पठ्ठ्या यादीतला एकेक गेम सुरू करून पाहतोय. क्रमांक १ मारिओ. क्रमांक ८ मारिओ, पण दुसऱ्या स्टेजपासून. क्रमांक १५ मारिओ, रात्रीचा. ११२ व्या क्रमांकावर त्याने हात टेकले आणि खाली लिहिलं, "खरे गेम ७. बाकी सगळी फसवणूक. पण मजा आली."

आज इंजिनिअर म्हणून त्या फसवणुकीचं मला कौतुक वाटतं. फॅमिकॉमच्या प्रोसेसरला कॅसेटमधल्या प्रोग्रामची एका वेळी फक्त ३२ किलोबाइटची खिडकी दिसते. पण कॅसेटमध्ये जास्त मेमरी आणि एक स्विच बसवला, तर त्या खिडकीसमोर हवा तो तुकडा सरकवता येतो. मेनू हा स्वतःच एक लहानसा प्रोग्राम असतो. तुम्ही क्रमांक निवडला, की तो योग्य तुकडा समोर आणतो आणि हवं तर जाताजाता कुठल्या स्टेजपासून सुरू करायचं, किती जीव द्यायचे, हे आकडे बदलून ठेवतो. म्हणजे ९९९९ ओळींची यादी बनवायला सात गेम पुरतात. मूळ मारिओ तर अख्खा ४० किलोबाइटचा आहे. तुमच्या फोनमधल्या एका फोटोत असे साठ-सत्तर मारिओ बसतील.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या सगळ्या कॅसेटी चोरीच्या नकला होत्या. ज्यांनी ते गेम बनवले त्यांना आमच्या पैशातला एक येनही मिळाला नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर माहीत असतं तरी त्या काळी आमच्या गल्लीत काही फरक पडला नसता. पण यादी विकणाऱ्याने केली तर ती कशी होते, हे मात्र त्या पिवळ्या कॅसेटने आम्हाला लवकर शिकवलं. माझ्या तक्त्यातले न उघडलेले ३७१ गेम बहुतेक सेलमध्ये किंवा फुकट मिळालेले आहेत. आकडा मोठा दिसला की आपल्याला श्रीमंत वाटतं, हे त्या मेनूवाल्याला केव्हाच कळलं होतं.

नाव, आणि बोटांचा ठसा

दादाच्या वहीतली नावं ही तर वेगळीच मौज. इंग्रजी आम्हाला फारसं येत नव्हतं, काही पडद्यांवर जपानी अक्षरं यायची आणि कॅसेटवरचं चित्र आतल्या गेमचं असेलच असं नाही. म्हणून नावं आमची आम्ही ठेवली होती.

ओळ ४: "टँक, विटांचा, मध्ये गरुड."
ओळ ९: "गाडी, जिच्यात सुपरमॅन उडतो."
ओळ १२: "टोपीवाला, कुऱ्हाड फेकतो, फळं खातो."
ओळ १७: "दोन पेंग्विन, उलटे चालतात."
ओळ २१: "सर्कस, सिंहावर बसून."

दिवाळीनंतर पुण्याला येऊन मी या ओळींना खरी नावं लावत बसलो. काही लगेच सापडली. विटांचा टँक म्हणजे नामकोचा 'बॅटल सिटी', १९८५. सुपरमॅनची गाडी म्हणजे कोनामीचा 'रोड फायटर', आणि तो सुपरमॅन नव्हेच, बराच वेळ न ठोकता गाडी चालवली की बक्षीस द्यायला येणारा कोनामी कंपनीचा स्वतःचा 'कोनामी मॅन'. टोपीवाला म्हणजे 'ॲडव्हेंचर आयलंड', १९८६. जपानी आवृत्तीत त्या टोपीवाल्याला ताकाहाशी मेइजिन असं नाव आहे आणि तो खरा माणूस आहे. हडसन कंपनीचा हा कर्मचारी एका सेकंदात सोळा वेळा बटण दाबतो म्हणून जपानी मुलांचा हिरो झाला होता. आमचा टोपीवाला चालता-बोलता माणूस निघावा, याचा आनंद मला का झाला ते सांगता येणार नाही, पण झाला.

ही नावं मला मिळाली ती दुसऱ्या लोकांनी ठेवलेल्या याद्यांमुळे. १९९९ च्या मार्चमध्ये जिम लेनर्ड आणि ब्रायन हर्ट या दोन अमेरिकन शाळासोबत्यांनी 'मोबीगेम्स' सुरू केलं. जगातल्या प्रत्येक गेमची नोंद करायची: कोणी बनवला, कधी आला, कोणकोणत्या मशीनवर आला. नोंदी भरणारे बहुतेक हौशी. त्यांच्या आजूबाजूला आणखी वेगळ्या वेडाचे लोक होते. ते म्हणत होते, नावावर विश्वास ठेवूच नका. नाव बदलतं, चित्र बदलतं, नक्कल करणारा कंपनीचं नाव पुसून आपलं टाकतो. मग गेम ओळखायचा कसा?

उत्तर होतं चेकसम. चिपमधला सगळा डेटा एका गणिती सूत्रातून काढला, की शेवटी एक छोटा आकडा हाती येतो. डेटातला एक बिट जरी बदलला तरी तो आकडा पार बदलतो. हा त्या गेमच्या बोटांचा ठसा. 'नो-इंट्रो' नावाचा हौशींचा गट वर्षानुवर्षं हेच करतो आहे. नकलाकारांचे गट गेमच्या सुरुवातीला आपली जाहिरात चिकटवायचे, तशी जाहिरात नसलेली, मूळ कॅसेटशी बिटन् बिट जुळणारी प्रतच यादीत घ्यायची, म्हणून हे नाव. माझ्या तक्त्यातही 'डिफिनिटिव्ह एडिशन', 'गेम ऑफ द इयर एडिशन' अशी शेपटं लागून एकच गेम तीन ओळींत आला होता. तेव्हा मला त्या लोकांची चिकाटी कळली.

आणि सतरावी ओळ? ते दोन पेंग्विन तीन रात्री शोधल्यावर सापडले. गेमचं नाव 'बायनरी लँड', हडसन, १९८५. एकाच रिमोटने दोघं चालतात, पण एक डावीकडे गेला की दुसरी उजवीकडे. मधे भिंती, कोळ्यांची जाळी. दोघं एकाच वेळी वरच्या बदामाशी पोचले तरच स्टेज पार.

तीच कॅसेट मी हरवली होती. हरवली म्हणजे, २००६ साली चौथीतल्या एका मित्राला दादाला न विचारता दिली आणि महिन्याभरात त्याच्या वडिलांची बदली झाली. दादाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला काय माहीत?" त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. माझी थाप खपली असं मी एकोणीस वर्षं समजत होतो. वहीत मात्र त्याने कधीच लिहून ठेवलं होतं: कोणाकडे, माझं नाव.

देण्याचा हक्क

'कोणाकडे' या रकान्याला वहीबाहेरही इतिहास आहे आणि तो भांडणांचा आहे. गेम वस्तू झाल्यापासून गेम कंपन्यांना एक गोष्ट खुपत आली आहे. विकलेली वस्तू लोक एकमेकांना देतात. जपानमध्ये १९८४ पासून कायदा असा, की हक्कधारकाच्या परवानगीशिवाय गेम भाड्याने देता येत नाही. अमेरिकेत निन्टेन्डोला तेच हवं होतं, पण १९९० च्या कायद्याने कॉम्प्युटर सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंदी आली तेव्हा घरगुती मशीनचे गेम त्यातून वगळले गेले. त्यामुळे अमेरिकन मुलांची एक अख्खी पिढी शुक्रवारी दुकानातून गेम आणून सोमवारी परत करत मोठी झाली.

पुढचं भांडण २०१३ चं. मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्स वनसाठी असे नियम जाहीर केले, की डिस्क विकत घेतली तरी ती मित्राला देण्यावर बंधनं राहतील आणि मशीनला दिवसातून एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल. सोनीने उत्तरादाखल एक व्हिडिओ काढला, अर्ध्या मिनिटाहून लहान. प्लेस्टेशन ४ चा गेम मित्राला कसा द्यायचा, याचं प्रात्यक्षिक. एक माणूस डबी दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा आभार मानतो, संपलं. जग हसलं आणि १९ जूनला मायक्रोसॉफ्टने ते नियम मागे घेतले.

पण ती लढाई डिस्कची होती. युद्ध आपण तोवर दुसरीकडे हरत होतो आणि तेही खुशीने. स्टीम २००३ पासून सुरू होतं. डबी नाही, फुंकर नाही, माळा नाही. सगळे गेम एका खात्यात आणि यादी आपोआप तयार. मीही आनंदाने तिकडे गेलो. तिथे आपण विकत घेतो तो गेम नसतो, तो वापरायची परवानगी असते, हे करारात लिहिलेलं आहे. तो करार मी दहा वर्षं न वाचता मान्य करत आलो. हे खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, हेही त्यातच आहे. कॅलिफोर्नियाने कायदा केला, की दुकानदाराने 'विकत घ्या' म्हणताना ही फक्त परवानगी आहे हे स्पष्ट सांगावं. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

परवानगी काढून घेतली तर काय होतं, हेही दिसलं आहे. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या मशीनची ऑनलाइन दुकानं खरेदीसाठी बंद केली. फक्त तिथेच मिळणारे गेम त्या दिवसापासून नव्याने घेता येत नाहीत. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांच्या हातात निरुपयोगी झाला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिला दहा लाखांवर सह्या मिळाल्या. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या दर शंभर गेमपैकी ८७ गेम आज बाजारात कुठेच मिळत नाहीत असं आढळलं. ते टिकले असतील तर कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी यादीत.

कंपन्यांनी अलीकडे 'कोणाकडे'चा रकाना थोडासा परत दिला आहे. स्टीमवर सहा जणांचं कुटुंब करता येतं. निन्टेन्डोने २०२५ मध्ये अशी सोय दिली, की डिजिटल गेमसुद्धा कुटुंबातल्या माणसाला चौदा दिवसांसाठी देता येतो आणि मुदत संपली की तो आपोआप परत येतो. विसरण्याची, हरवण्याची, थाप मारण्याची सोयच नाही. आणि 'कुटुंब' कोण, हे कंपनी ठरवणार. दादाच्या वहीतल्या ४३ ओळींमध्ये 'कोणाकडे'च्या रकान्यात एकूण १६ नावं आहेत. गल्लीतला इस्त्रीवाल्याचा मुलगा, दादाच्या ट्यूशनमधले दोघं, समोरच्या काकूंचा भाचा जो फक्त मे महिन्यात यायचा. यातलं कोणीही कुठल्याही कंपनीच्या कुटुंबात बसत नाही.

परत

जानेवारीत मी पुन्हा सोलापूरला गेलो. दादाचं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी लॅपटॉप उघडून त्याला माझा तक्ता दाखवला. त्याने खाली-वर सरकवत बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "एवढे सहाशे गेम आहेत तुझ्याकडे. त्यातला एखादा मला दे की पोराला खेळायला."

मी त्याला समजावलं. पासवर्ड दिला तर नियम मोडतो. फॅमिलीत घ्यायचं तर ती सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे आणि आपण आता एका घरात राहत नाही. खातं नावावर करून देता येत नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आहेत, पण देता येत नाहीत."

"हो."

"मग तुझे कसले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वही काढली. रोड फायटर, बॅटल सिटी, ॲडव्हेंचर आयलंड अशी खरी नावं मी पेन्सिलने त्याच्या नावांशेजारी लिहून आणली होती. तो एकेक वाचून हसत होता. सतराव्या ओळीवर मी थांबलो आणि एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. मित्र, बदली, थाप, सगळं.

"माहीत होतं," दादा म्हणाला. "त्या पोराच्या आईने काकूला विचारलेलं, कॅसेट परत कशी करू म्हणून. पत्ता दिलेला त्यांनी. आम्हीच गेलो नाही."

"मग मला बोलला का नाहीस?"

"वहीत लिहिलं होतं की. तू वाचली नाहीस त्याला मी काय करू?"

त्या रात्री मी माझ्या तक्त्यात 'कोणाकडे' हा रकाना वाढवला. ६१४ ओळींत तो कोरा आहे आणि तसाच राहणार. मग आणखी अकरा ओळी घातल्या, ट्रंकेतल्या कॅसेटींच्या. त्यांच्यापुढे दादाच्या मुलाचं नाव लिहिलं. मशीन चालतं. एक रिमोट चालतो. कॅसेटींना फुंकर मारावी लागते.

निघताना मी दादाला विचारलं, सतराव्या ओळीत 'परत'च्या रकान्यात 'हरवली' असं लिहू का? त्याने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"कोरं राहू दे," तो म्हणाला. "हरवली कुठे? कोणाकडे आहे ते माहीत आहे आपल्याला."